यांचे सेवेशी

मामा गेले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा मामीने एकदाचं मनावर घेतलं. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला आम्ही दोघं तालुक्याच्या गावी गेलो. कचेरीच्या कंपाउंडला लागून पत्र्याच्या टपऱ्या आहेत. झेरॉक्स, स्टॅम्प, टायपिंग, लॅमिनेशन सगळं एकाच ठिकाणी. तिथल्या काकांनी मामीकडून मृत्यूचा दाखला घेतला, गट नंबर विचारला आणि कॉम्प्युटरवर तयार असलेली एक फाइल उघडली. ‘प्रति, मा. ग्राम महसूल अधिकारी साहेब यांचे सेवेशी.’ खाली ‘विषय : वारस नोंद होणेबाबत विनंती अर्ज.’ मग मधला मजकूर, ‘मेहेरबानी होऊन नोंद घ्यावी’, आणि शेवटी उजवीकडे ‘आपली कृपाभिलाषी’. त्याखाली मामीच्या सहीसाठी जागा.

काकांनी ही फाइल वेळेवर सुधारली होती. तलाठ्याचं पदनाम बदलल्यावर त्यांनी ‘तलाठी’ खोडून ‘ग्राम महसूल अधिकारी’ घातलं होतं. ‘सेवेशी’ मात्र होतं तिथेच होतं. मी म्हटलं, ‘काका, हे सेवेशी काढलं तर चालेल का?’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘कमी लिहिल्यामुळं काम अडलेलं मी पाहिलंय,’ ते म्हणाले, ‘जास्त लिहिल्यामुळं कुणाचं अडलेलं नाही पाहिलं.’

तीस वर्षं कचेरीच्या दारात बसलेल्या माणसाचं हे निरीक्षण आहे, ते मी खोटं कसं म्हणू? पण घरी येताना एसटीत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. ज्याला पगार आपल्या करातून मिळतो त्याच्या नावातून ‘सेवक’ गेला, आणि ज्या विधवा बाईची जमीन, जिचा हक्क, तिच्या अर्जात ‘सेवेशी’ राहिलं.

‘सेवक’ गेला म्हणतो तो तलाठ्याच्या नावातून नव्हे, त्याच्या शेजारच्या टेबलावरून. 2024च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र केली आणि नवं नाव दिलं, ग्रामपंचायत अधिकारी. त्याच सुमारास तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाला. आणि महसूल खात्याच्या अगदी खालच्या पायरीवरचा, गावात दवंडी देणारा, नोटिसा पोचवणारा, मानधनावर राबणारा कोतवाल? त्याला नाव मिळालं महसूल सेवक. एकाच काळात, एकाच राज्यात, वरच्याचा सेवक काढला आणि खालच्याला सेवक दिला. ‘सेवक’ या शब्दाची आज आपल्याकडे काय किंमत आहे, हे कळायला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

या नावबदलाच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं मला समजतं, आणि ते पूर्ण मांडल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ग्रामसेवकाच्या वाट्याला काय काय येतं ते गावात राहणाऱ्याला ठाऊक आहे. ग्रामसभेचं इतिवृत्त, जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, घरकुलाच्या याद्या, रोजगार हमीचे मस्टर, वित्त आयोगाच्या निधीचा हिशोब, आणि वर तालुक्याहून येणारा प्रत्येक ‘आजच्या आज माहिती पाठवा’. एकाकडे दोन दोन, तीन तीन गावं. चुकलं तर निलंबन, गावातल्या दोन गटांच्या भांडणात शिव्या दोन्हीकडून. अशा माणसाला बाहेरच्या जगात ‘सेवक’ म्हणून ओळख सांगताना संकोच वाटत असेल, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ‘वडील काय करतात’ या प्रश्नाला उत्तर देताना आवाज खाली जात असेल, तर तो दोष त्याचा नाही. त्याने वर्षानुवर्षं मागणी केली ती प्रतिष्ठेची होती. प्रतिष्ठा मिळायलाच हवी.

पण ती ‘अधिकारी’ या शब्दातूनच का मिळावी लागते, हा माझा प्रश्न आहे.

‘अधिकार’ हा आपल्या भाषेतला फार देखणा शब्द आहे. संतांच्या भाषेत अधिकार म्हणजे पात्रता. एखाद्याला ‘अधिकारी पुरुष’ म्हणायचं म्हणजे त्याची साधना, त्याचं ज्ञान, त्याची तयारी तेवढी आहे असं म्हणायचं. आजही कीर्तनकाराविषयी ‘त्यांचा अधिकार मोठा’ असं म्हणतात, तेव्हा कुणी त्यांच्या हातातल्या सत्तेबद्दल बोलत नसतं. हा शब्द कचेरीत शिरला आणि पात्रता मागे राहिली, सत्ता तेवढी उरली. अधिकारी म्हणजे ज्याच्याकडे अधिकार आहेत तो. कशाचे, कुणावर, किती, आणि ते कुणी दिले, यातलं काहीच शब्द सांगत नाही.

गंमत अशी की ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘अधिकारी’ घेतला, त्या ‘ऑफिसर’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘ऑफिशियम’ आहे, आणि त्याचा अर्थ कर्तव्य. ऑफिसर म्हणजे ज्याच्यावर एक कर्तव्य सोपवलं आहे तो. ‘मिनिस्टर’चंही तसंच, लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे चाकर. आपल्याकडे मिनिस्टरचा मंत्री झाला. मंत्री म्हणजे सल्ला देणारा, राजाच्या कानाशी बसणारा. हे शब्द आपल्या परंपरेतून आले, त्यात वाईट काही नाही. इंग्रजांच्या काळातले ऑफिसर कर्तव्यदक्ष होते असंही मी म्हणत नाही; शब्दाच्या मुळाने माणूस घडत नाही. पण भाषांतर करताना कर्तव्य या टोकाचा शब्द सोडून सत्ता या टोकाचा शब्द आपण निवडला, आणि पुढे प्रत्येक पदाला तोच जोडत गेलो, एवढं तरी मान्य करायला हवं. गट विकास अधिकारी, मंडळ अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, कक्ष अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी.

‘कलेक्टर’ हे यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. 1772मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात बंगालमध्ये हे पद आलं ते सारा गोळा करण्यासाठी. नाव कामावरून पडलं होतं : गोळा करणारा. तहसीलदारही तसाच, तहसील म्हणजे वसुली. राज्य परकं होतं, लुटीचं होतं, पण नावं तरी सरळ होती. समोरच्याला कळायचं की हा माणूस आपल्याकडून पैसे न्यायला आलाय. स्वराज्यात आपण कलेक्टरचा जिल्हाधिकारी केला. काम सांगणारं नाव गेलं आणि जिल्ह्याचा धनी वाटावा असं नाव आलं. खेड्यातली माणसं अजून ‘कलेक्टर’च म्हणतात, हा भाषेचा आळस असेल, मला त्यात थोडं शहाणपणही दिसतं.

शब्द आपोआप घडतात, वरून ठरवून बदलत नाहीत, असं कुणी म्हणेल. पदांच्या बाबतीत ते खरं नाही. महाराष्ट्रात पदांची नावं किमान दोनदा विचारपूर्वक बदलली गेली आहेत. पहिल्यांदा शिवछत्रपतींनी. 1674च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची फारसी नावं संस्कृतात आली : मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याच हेतूने. हे राज्य कुणाचं आहे, हे दरबारातल्या प्रत्येक हाकेतून कळावं, असा तो निर्णय होता. दुसऱ्यांदा महाराष्ट्र राज्य झाल्यावर. 1960मध्ये भाषा संचालनालय सुरू झालं आणि त्याचं पहिलं मोठं काम होतं पदनाम कोश. तेव्हा त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून टिंगल झाली, आणि त्यातले कित्येक शब्द पुढे लोकांच्या तोंडी इतके रुळले की ते कधी नवे होते हेच आपण विसरलो. दोन्ही वेळा प्रश्न होता तो परक्या भाषेच्या जागी आपली भाषा आणण्याचा. तो प्रश्न सुटला. पण नाव आपल्या भाषेत आल्यावर ते पद लोकांशी कोणतं नातं सांगतं, हा पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. 1674मध्ये तो विचारण्याचं कारण नव्हतं, राज्य राजाचं होतं. 1960मध्ये होतं.

राज्यव्यवहारकोशाने आणखी एक गोष्ट शिकवली. कागदावर मुख्य प्रधान झाला तरी पेशवा हा शब्द गेला नाही. उलट पुढे सत्ता जिथे गेली तिथे तो शब्द गेला आणि आज इतिहासात त्या शतकाचं नावच पेशवाई आहे. व्यवहार बदलला नाही तर शब्द नुसता पाटीवर राहतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी ‘ग्रामसेवक’ हे नाव परत आणा अशी मागणी करत नाही. ग्रामसेवक या नावाच्या काळातही कामाला खेटे घालावे लागत होतेच.

मग ‘सेवक’ या शब्दाला झालं काय? एके काळी हा शब्द पुण्यात मोठ्या मानाने वापरला गेला. 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यात जाणारी माणसं शिकलेली, बाहेर चांगलं कमावू शकणारी. ती तुटपुंज्या वेतनावर जन्मभर देशाचं काम करण्याची शपथ घेत आणि स्वतःला सेवक म्हणवत. राष्ट्र सेवा दलातल्या पिढीलाही ‘सेवा’ या शब्दाची लाज वाटली नव्हती. 15 ऑगस्ट 1947ला नेहरूंनी देशाशी बोलताना स्वतःला भारतीय जनतेचा पहिला सेवक म्हटलं. 2014च्या 15 ऑगस्टला नरेंद्र मोदींनी लाल किल्ल्यावरून ‘प्रधान सेवक’ म्हटलं. म्हणजे सगळ्यात वरच्या माणसाला हा शब्द अजून हवासा वाटतो. त्याला तो परवडतो. त्याने स्वतःला सेवक म्हटलं तर त्याच्या पदाला काही कमी होत नाही, मोठेपणच मिळतं.

सगळ्यात खाली बघा. तिथे हा शब्द भाषणात नसतो, नेमणुकीच्या आदेशात असतो. अंगणवाडी सेविका. आशा स्वयंसेविका. शिक्षण सेवक. आता महसूल सेवक. 1975मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीतल्या बाईला मिळतं ते मानधन; वेतन म्हणायचं नाही. तिने लसीकरणाला बायका गोळा करायच्या, मुलांची वजनं घ्यायची, पोषण आहार वाटायचा, मोबाइलवर माहिती भरायची, निवडणुकीच्या याद्या करायच्या, आणि तरी ती नोकर नाही, ‘सेविका’. तिच्या वर पर्यवेक्षिका, त्यांच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. पायरी चढत जाल तसा सेवा हा शब्द गळत जातो आणि पगार सुरू होतो. या बायकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सांगायला एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. शिक्षण सेवकाचंही तेच. 2000 साली ही योजना आली. शाळेत काम पूर्ण शिक्षकाचं, पण पहिली तीन वर्षं मानधन. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन कित्येक वर्षं 6,000 रुपये होतं, 2023मध्ये ते 16,000 झालं. तीन वर्षं झाली की तो शिक्षक होतो. ‘सेवक’ सुटला की पूर्ण पगार लागतो.

शब्दाची किंमत अशी ठरते. कोशात ‘सेवक’चा अर्थ काहीही असो, नोकरीच्या बाजारात त्याचा अर्थ आज ‘ज्याला पूर्ण पगार द्यायचा नाही तो’ असा झाला आहे. मग ग्रामसेवकाला तो नकोसा झाला यात नवल काय? त्याने शब्दाचा अर्थ बरोबर वाचला.

आणि याच्या मागे आणखी जुनी, जास्त कडू गोष्ट आहे. आपल्या गावगाड्यात सेवा ही कधीच निवडीची नव्हती. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वरची वतनं. त्यांची आडनावं झाली आणि आजही ती मिरवली जातात. खालच्या वतनात महाराला रात्री-अपरात्री बोलावणं आलं की जावं लागे, सरकारी कागद घेऊन दुसऱ्या गावी चालत जावं लागे, मेलेलं जनावर ओढावं लागे, आणि त्या बदल्यात बलुतं मागत दारोदार फिरावं लागे. घरातला एक गेला नाही तर दुसरा गेलाच पाहिजे, अशी ती सेवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते हे जोखड काढण्यासाठी. कनिष्ठ गावनोकरांची वतनं संपवणारा कायदा यायला 1958 उजाडलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अशी सेवा केली त्यांच्या नातवाला ‘सेवक’ ही पाटी छातीवर नको असेल, तर तिच्यातलं सौंदर्य त्याला समजावून सांगण्याचा अधिकार मला नाही. आणि इथे अधिकार हा शब्द मी संतांच्याच अर्थाने वापरतो आहे.

म्हणून मला वाटतं, दोन सेवा वेगळ्या ओळखायला हव्यात. एक जन्माने लादलेली, दुसरी पगार घेऊन, परीक्षा देऊन, स्वखुशीने पत्करलेली. पहिलीला सेवा म्हणणंच चूक होतं. दुसरीत लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि ती वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सारखी लागू आहे, मंत्रालयातल्या सचिवापासून गावातल्या शिपायापर्यंत. आपला कायदा तेच म्हणतो. भारतीय दंड संहितेत कलम 21मध्ये न्यायाधीशापासून पुढे सगळ्यांना एकच शब्द होता, लोकसेवक. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथेही तो शब्द आहे. पण हा शब्द सामान्य माणसाला भेटतो कुठे? कचेरीच्या भिंतीवर लाल अक्षरांत. ‘शासकीय कामकाजात अडथळा आणल्यास भा.दं.वि. कलम 353 अन्वये कारवाई होईल.’ ते 353 म्हणजेच लोकसेवकावर हल्ला, आता न्याय संहितेतलं 132. संरक्षण हवं तेव्हा लोकसेवक, दारावरच्या पाटीवर अधिकारी. त्या भिंतीवरच्या पाटीखाली बाकावर बसून मामीने दीड तास काढला. ती पाटी तिने दोनदा वाचली आणि मला हळूच म्हणाली, ‘आपण जास्त बोलायचं नाही हं.’

‘शासन’ या शब्दाचंही एकदा ऐकायला हवं. आपल्या मराठीत शासन करणे म्हणजे शिक्षा करणे. गाडीवर ‘महाराष्ट्र शासन’, निर्णयाला ‘शासन निर्णय’. आपण त्याला इतके सरावलो आहोत की कान देत नाही. ‘सरकार’ हा शब्द फारसी, पण लोकांनी तो आपलासा केला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हटलं, तेव्हा या शब्दाची दिशाच त्यांनी फिरवली. ‘आमच्या गावात आम्हीच शासन’ असं कुणी म्हणू शकलं असतं का? शब्दात तेवढी जागाच नाही.

ग्रामपंचायतीतला नावबदल मला खटकतो तो खरा याच कारणाने. गावातल्या लोकांनी मत देऊन जिला निवडलं ती सरपंच. पंच म्हणजे पाच, सर म्हणजे वरचा. पाचांमधला पहिला, असं हे साधं, फारसी-संस्कृतचं मिश्रण असलेलं नाव. त्यात पाच जण आधी आहेत आणि पहिला नंतर. 2011पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ही बाई पहिल्यांदा खुर्चीवर बसते तेव्हा शेजारच्या खुर्चीवर आधी ग्रामसेवक असायचा, आता ग्रामपंचायत अधिकारी आहे. ग्रामपंचायत तिची, आणि ग्रामपंचायतीचा अधिकारी मात्र दुसराच. तिच्या नवऱ्याला गावाने आधीच ‘सरपंच पती’ हे कुठल्याही कायद्यात नसलेलं पद देऊन टाकलेलं असतं; सही तिची, बोलणं त्याचं. अशा बाईच्या शेजारी ‘अधिकारी’ ही पाटी लागली की गावाला कळायचं ते कळतं. कायद्यात या पदासाठी एक नेमका शब्द आधीपासून होता, सचिव. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम ग्रामपंचायतीच्या सचिवाबद्दलच बोलतो. सचिव हा शब्द हलका नाही. मंत्रालयात तो सगळ्यात वरच्या टेबलावर असतो. ग्रामपंचायत सचिव म्हटलं असतं तर प्रतिष्ठाही मिळाली असती आणि सचिव कुणाचा, हेही नावातच राहिलं असतं.

नाव बदललं की वागणं बदलतं, असा माझा भाबडा समज नाही. पण एखादा शब्द काढल्याने कारभार कोसळत नाही, हेही आपण पाहिलं आहे. 2012मध्ये प्रणव मुखर्जींनी राष्ट्रपती झाल्यावर ‘महामहिम’ हे संबोधन बाजूला ठेवायला मान्यता दिली. राष्ट्रपतीपदाची शान कमी झाली नाही. न्यायालयात ‘माय लॉर्ड’ म्हणायची सक्ती नाही, हे बार कौन्सिलने 2006मध्ये ठरवलं आणि 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आदरपूर्वक कसंही संबोधलं तरी चालेल असं सांगितलं. वकील अजून ‘माय लॉर्ड’ म्हणतात. का म्हणतात, हे आमच्या टपरीवाल्या काकांनी सांगितलंच आहे. जास्त म्हटल्याने कुणाचं काम अडत नाही. म्हणून ‘चालेल’ एवढं पुरत नाही. दुबळ्या बाजूच्या माणसाला शब्द टाकण्याचं धाडस आधी करायला लावणं हा अन्याय आहे. ते वरूनच यायला हवं. एक शासन निर्णय काढा, अर्धं पान पुरे : राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात ‘सेवेशी’, ‘मेहेरबान’, ‘कृपाभिलाषी’ असे शब्द असलेला अर्जाचा नमुना वापरला जाणार नाही, आणि हे शब्द नसलेला अर्ज त्या कारणाने कुणी बाजूला ठेवणार नाही. टपरीवरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायला त्याला महिनाही लागणार नाही. तलाठ्याचं नवं नाव किती लवकर पोचलं ते मी पाहिलं आहे.

आणि ‘सेवक’ शब्द ज्यांच्या नावात ठेवलाय त्यांना वेतन द्या. बाकी कोणत्याही उपायाने हा शब्द वर येणार नाही.

मामीच्या अर्जाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या खेपेला साहेब मिटिंगला गेले होते, अर्ज टेबलावर ठेवून जा, असं तिथे सांगण्यात आलं. पोच मिळाली नाही. दुसऱ्या खेपेला मी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मधलं कलम 149 काढून नेलं. तिथे विनंती हा शब्दच नाही. वारसाने हक्क मिळाल्याचं तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, आणि कळवल्याबरोबर तलाठ्याने लेखी पोच द्यायची असते. महसूल खात्यात याला जुना सुंदर शब्द आहे, वर्दी. वर्दी द्यायची असते, मागायची नसते. मामी तीन महिन्यांत गेली नव्हती, तो उशीर आमचा होता आणि आम्ही तो अर्जातच लिहिला. त्यापुढे जे लिहिलं ते हाताने, वहीच्या कागदावर, मामीच्याच अक्षरात : ‘प्रति, ग्राम महसूल अधिकारी. विषय : वारसाची वर्दी.’ मामांचं नाव, मृत्यूची तारीख, गट नंबर, वारसांची नावं, सही. सात ओळी झाल्या.

टेबलामागच्या तरुण मुलाने तो वाचला, शिक्का मारला, आवक नंबर टाकून पोच दिली. चांगलाच वागला, बसायला खुर्चीही दिली. बाहेर आल्यावर मामीने पोच दोनदा घडी करून पिशवीतल्या डब्यात ठेवली आणि थांबून मला विचारलं, ‘अरे, त्यात साहेब लिहायचं राहिलं की. परत जाऊन लिहून येऊ का?’